छत्री उलटी धरणाऱ्या बाई

बाई छत्री कधी सरळ धरत नसत.

लांब दांड्याची काळी छत्री उघडायची ती आभाळाकडे तोंड करून. एखाद्या झुडपाखाली ती उलटी धरायची, दुसऱ्या हातातल्या काठीनं फांदीवर दोन दणके द्यायचे आणि मग डोकं छत्रीत घालून बघत बसायचं. छत्रीला आतून त्यांनी जुन्या परकराचं पांढरं कापड शिवलं होतं, कारण काळ्यावर बारकं काही दिसत नाही. डोक्यावर भर ऊन, हातात छत्री आणि ती उलटी. बीडहून पालीकडे जाताना तुम्ही कधी त्यांना पाहिलं असेल, तर तुम्हीही गाडीची काच खाली करून हसला असाल. सगळेच हसत.

त्या उतारावर कौसाबाई शेरडं चारायला येत. त्या तर बाईंना तोंडावर हसत.

"मास्तरीणबाई, पाणी वरून पडत असतंय. खालून न्हाई."

"माझं झाडातून पडतंय, कौसाबाई," बाई मान वर न करता म्हणत. "तुमी शेरडं सांभाळा. माझा पाला खायलेत."

बाई आमच्या शेतकी कॉलेजात कीटकशास्त्र शिकवत. मी तिथे कंत्राटी सहायक म्हणून लागले, तेव्हा त्यांना निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. पहिल्या दिवशी मी दारात उभी राहिले आणि आत येऊ का हे विचारायला मला इतका वेळ लागला, की शेवटी त्याच म्हणाल्या, "ये की. कावून उभी राहिलीस?"

मी आत गेले. त्यांनी शाळा विचारली. मी इंग्लिश मीडियमची म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"मग मिरिडी कूळ पाठ असंल तुला. सगळी लक्षणं सांगशील घडाघडा."

मी मान हलवली. खरंच पाठ होतं.

"त्यातला एक तरी जिता बघितलास का?"

मी पुन्हा मान हलवली, आडवी.

"मग चल," असं म्हणून त्यांनी छत्री उचलली. त्या दिवसापासून त्या मला 'कॉन्व्हेंट' म्हणू लागल्या. "ए कॉन्व्हेंट, बाटली दे." "कॉन्व्हेंट, तोंड उघड की जरा, काय दिसलं ते सांग." माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, मला शंका आहे.

हे मिरिडी म्हणजे ढेकणांचं एक कूळ. घरातल्या ढेकणांचे हे लांबचे नातेवाईक, पण रक्त पिणारे नव्हेत. बहुतेक झाडावर जगतात. ढेकणांच्या साऱ्या कुळांत हेच सर्वांत मोठं, आणि तरीही ते कुणाला दिसत नाही. तांदळाच्या दाण्याएवढे, पुष्कळसे त्याहून लहान. अंग इतकं मऊ की चिमटीत धरलं की संपलं. ओळखायचं ते पंखावरून: पोस्टकार्डाचा कोपरा दुमडावा तसं पंखाचं टोक खाली झुकलेलं असतं. एवढं सोडलं तर एकासारखा दुसरा नाही. कपाशीच्या पात्याचा रस पिणारा हिरवा. टोमॅटोच्या चिकट लवेवर, जिथे इतर किडे अडकून मरतात, तिथे आरामात चालणारा. तो पांढरी माशी खातो आणि माशी संपली की टोमॅटोचंच देठ सोलतो. भातात तुडतुड्यांची अंडी शोधून खाणारा. बुरशीवर राहणारा. कोळ्याच्या जाळ्यात न अडकता फिरून त्याची शिकार चोरणारा. हुबेहूब मुंगीसारखा दिसणारा. बाई हे वर्गात सांगत तेव्हा मागच्या बाकांवर खसखस पिके. मुलं त्यांना 'ढेकूण मॅडम' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं.

"म्हणू दे," त्या म्हणायच्या. "त्या निमित्तानं तरी ढेकणाचं नाव निघतंय."

शिवारात गेलं की बांधावरचा माणूस हमखास विचारी, "मॅडम, ह्याला औषध कोणतं मारायचं?"

"मारायचं कावून?"

"मग काय करतो तो?"

"काय न्हाई. असतो."

समोरचा माणूस बुचकळ्यात पडे. औषध नाही, नुकसान नाही, फायदाही नाही, नुसता असतो म्हणजे काय? बाईंना यापुढे सांगायचं नसे. मला वाटतं, त्यांना इतर कुणाबद्दलही यापेक्षा जास्त काही सांगायचं नसावं.

मला ते काम आवडे. किडे वेचायची आमची एक बाटली होती, तिला दोन नळ्या. एक किड्याजवळ न्यायची, दुसरी तोंडात धरून ओढायची, की किडा बाटलीत. नळीला आतून मलमल बांधलेली, म्हणून तो घशात जात नसे. मुलं तिला हुक्का म्हणत. तोंडात नळी असली की बोलावं लागत नाही. एवढ्या एका कारणासाठीदेखील मी ती नोकरी केली असती.

मग कॉलेजात येऊन ते किडे चिकटवायचे. जाड कागदाचे बारीक त्रिकोण कापायचे, टोकाला सुईच्या अग्रावर मावेल एवढा डिंक आणि त्यावर किडा, कुशीवर. या कुळातल्यांचे पाय नुसत्या धक्क्यानं गळतात. म्हणून पंखा बंद. एप्रिलात बीडमध्ये पंखा बंद करून बसणं काय असतं, ते तुम्हाला सांगायला नको. एकदा प्राचार्य आत आले, "काय उकडतंय हो इथं," म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं. सकाळपासूनचं सगळं काम टेबलावरून उठून कपाटाखाली गेलं. बाई मात्र खुर्ची पुढे सरकवत म्हणाल्या, "बसा सर. जे उडायचं ते उडालं."

प्राचार्य गेल्यावर आम्ही दोघी फरशीवर ओणव्या होऊन पाय शोधत होतो. किड्यांचे. बाई हसत होत्या. त्यांना तोंड उघडून हसताना मी फार वेळा पाहिलं नाही.

आता त्या एका किड्याबद्दल सांगते.

पालीच्या बाजूला डोंगराच्या एका उतारावर मुरडशेंगेची झुडपं होती. मुरडशेंग तुम्ही ओळखाल, बाळाच्या गुटीत जिची पिळाची शेंग उगाळतात ती. मुरडशेंग पुष्कळ ठिकाणी आहे. पण त्या उतारावरच्या झुडपांत बाईंना, मी यायच्या कितीतरी वर्षं आधी, एक ढेकूण सापडला होता. तांबूस, कमरेत बारीक, पंख इतके आखूड की उडता येऊ नये. मुंगीच वाटावी. दरवर्षी पाऊस ओसरला की तो दिसे आणि दुसरीकडे कुठेही दिसत नसे. बाईंनी सगळी पुस्तकं पालथी घातली. त्याला नाव नव्हतं.

नाव द्यायचं तर त्या विषयातल्या जाणत्याला दाखवावं लागतं. दक्षिणेत असे एक गृहस्थ होते. बाईंनी त्यांना किडे पाठवले. उत्तर आलं: या सगळ्या माद्या आहेत, नर पाठवा. या कुळात जात ठरते ती नराच्या अवयवावरून. मादीवरून कुणी शपथ घेत नाही.

बाईंना नर कधी मिळाला नाही. दरवर्षी उलट्या छत्रीत माद्याच पडत. आणि सोबत इतर सटरफटर: कोळी, भुंगेरे, आणि लांब पंखांचे काळपट ढेकूण, ते मात्र भरपूर. शेजारच्या घाणेरीवरून आले असतील म्हणून बाई तेही चिकटवत आणि खालच्या खणात ठेवत.

"एवढं काय आहे त्या नावात?" असं मी एकदा विचारलं. माझ्या मानानं तो फार मोठा प्रश्न होता.

बाई नळीतून डिंक काढत होत्या. आधी त्यांनी हातातला किडा चिकटवला.

"ज्याला नाव न्हाई ना माय, ते मेलेलं कुणाला कळत बी न्हाई," त्या म्हणाल्या. "मी जायच्या आत एवढं एक व्हावं."

मेलेल्या किड्यांनाही खाणारी एक केसाळ अळी असते. ती लागू नये म्हणून खणांत डांबरगोळ्या ठेवाव्या लागतात. कॉलेजनं त्या देणं बंद केलं होतं. विचारायला गेलं की भांडारातला माणूस म्हणे, "मुतारीला पुरत न्हाईत मॅडम, किड्यांना कुठून देऊ?" बाई स्वतः आणत, पण दुखणी-खुपणी, प्रवास, त्यांच्याही पुष्कळ अडचणी असाव्यात. मी विचारलं नाही. त्यांनीही माझ्या घरचं कधी विचारलं नाही. आमचं त्यावरच बरं चाललं होतं. तर ज्या गोळ्या असत, त्या सगळ्या वरच्या खणात, त्या तांबूस माद्यांपाशी जात. बाकीच्या खणांना कडुलिंबाचा पाला.

त्या वर्षी पाऊस लांबला होता. एका उघडिपीला आम्ही उतारावर गेलो. बाईंनी छत्री धरली, काठी मारली, आणि छत्री माझ्याकडे देऊन त्या चष्मा पुसू लागल्या. मी पांढऱ्या कापडाकडे बघत होते. एक मादी पडली होती. तिच्या मागे एक काळपट, लांब पंखांचा. दोघं चालत होती, पण एकमेकांपासून सुटत नव्हती. तो उलट्या दिशेला तोंड करून तिच्या मागोमाग ओढला जात होता.

"बाई," मी म्हटलं. "ही दोघं जोडलेली आहेत."

त्यांनी चष्मा घातला. भिंग लावलं. मग भिंग खाली केलं आणि त्या तिथेच, गवतात, बसल्या.

"नवरा हाय," त्या म्हणाल्या. "अगं माय. ह्यो तिचा नवरा हाय."

मग त्या हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "जन्मभर पोरांना शिकवलं, ह्या कुळात नर येगळा दिसतोय, मादी येगळी दिसतीय. परीक्षेला प्रश्न घातले. अन् मी सोता काय केलं? बायका वरच्या खणात, नवरे खालच्या खणात!"

मी हुक्का पुढे केला. बाईंनी माझा हात बाजूला सारला.

"राहू दे. जोडा मोडू नये."

"पण बाई, नर..."

"खालच्या खणात ढीगभर नवरे हैत, कॉन्व्हेंट. ह्या एकाला कावून मारायचं?"

त्यांनी छत्री हळूच तिरपी केली आणि त्या दोघांना पानावर उतरू दिलं. पान उलटं करून, सावलीच्या बाजूला. गावाकडची माणसं साप-पाखरांच्या जोड्याला हात लावत नाहीत, तसंच ते होतं. मलाही ते बरोबर वाटलं. आजही त्यात काही चूक होतं, असं मला म्हणवत नाही.

परतताना बाई बसमध्ये चक्क गुणगुणत होत्या.

कॉलेजात आल्यावर त्यांनी पर्सही खाली ठेवली नाही. खालचा खण ओढला. काचेखाली टाचण्यांच्या रांगा होत्या, सरळ, एकासारख्या. टाचण्यांवर कागदाचे त्रिकोण होते. त्रिकोणांच्या टोकांवर डिंकाचे पिवळे थेंब होते. त्याखाली जिथे तिथे तपकिरी भुकटी. कोपऱ्यात एक केसाळ कात पडली होती, अळीची.

बाईंनी एक टाचणी उचलून भिंगाखाली धरली. मग दुसरी. मग आणखी. मी मागे उभी होते. एका त्रिकोणावर एक पाय राहिला होता.

"पायावरून नाव देता येत न्हाई," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी खण हळूच आत सारला. पंखा बंदच होता.

त्याच दिवशी परत उतारावर जावं म्हणून मी पर्स उचलली, पण पाऊस सुरू झाला आणि तो थांबेना. ओढ्यांवरचे रस्ते बंद झाले. ऊन पडल्यावर आम्ही गेलो, तेव्हा छत्रीत फक्त माद्या पडल्या. फुगलेल्या, अंड्यांनी जड. बाई एकेक झुडूप झोडत गेल्या. पार वरच्या टोकापर्यंत. मग त्या म्हणाल्या, "नर आधी मरतेत. काम झालं की." थोड्या वेळानं स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणाल्या, "जाऊ दे. अंडी डहाळीच्या आत घालतेत त्या. ही झुडपं हैत तवर ते हैत. पुढच्या वर्षी नर आधी धरू."

उन्हाळ्यात कौसाबाईंचा फोन आला. त्यांच्याकडे माझा नंबर होता, बाईंचा नव्हता. बाई फोन उचलत नसत. "तुमच्या मास्तरणीला सांग गं, डोंगराला मशीन लागलंय."

आम्ही गेलो. कुठल्या तरी रस्त्याच्या भरावासाठी मुरूम काढायला घेतला होता. जिथे उतार होता तिथे ताजा, तांबडा, उभा कडा होता. खाली टिपर उभे होते. माझ्या मनात आलं ते एवढंच, की किती नीट कापलंय. बाई कडेकडेनं चालत उपटून टाकलेल्या झुडपांच्या ढिगाकडे गेल्या. झुडपं वाळली होती. काही पेटवून दिलेली होती. त्यांनी उरलेल्यांतून मुरडशेंगेच्या डहाळ्या ओढून काढायला सुरुवात केली. मीही काढल्या. कौसाबाई शेरडं सोडून आमच्याजवळ आल्या.

"जळण न्यायलाव का?"

"अंडी हैत ह्यात," बाई म्हणाल्या.

"कशाची?"

"एका किड्याची."

कौसाबाईंनी कड्याकडे पाहिलं, आमच्या हातांतल्या काटक्यांकडे पाहिलं. त्या या वेळी हसल्या नाहीत. "लई कामाचा हुता का वो त्यो?"

"काय न्हाई," बाई म्हणाल्या. "होता."

त्या डहाळ्या आम्ही बसमधून आणल्या. कंडक्टर कुरकुरला. कॉलेजातल्या बादल्यांत पाणी भरून उभ्या केल्या आणि वर मच्छरदाणी घातली. बाई रोज सकाळी आधी तिथे जात, मग सही करायला. पानं फुटली नाहीत. पाण्याला वास येऊ लागला, ते आम्ही बदलत राहिलो.

पावसाळ्याच्या तोंडाशी एके सकाळी मला मच्छरदाणीत हालचाल दिसली. तांबूस, कमरेत बारीक काहीतरी डहाळीवरून वर चढत होतं. मी पळत जाऊन बाईंना बोलावलं. मी कॉलेजात पळताना कुणी पाहिलं असेल तर ते एवढ्या एकाच वेळी. बाई आल्या. त्यांनी मच्छरदाणी उचलली, भिंग लावलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"मुंगी हाय," त्या म्हणाल्या.

मग तिच्यामागे दुसरी आली, तिसरी आली. रांग होती. बाईंनी बादल्या बाहेर नेऊन ओतायला सांगितल्या.

त्या पावसाळ्यात आम्ही दोघींनी मुरडशेंग दिसेल तिथे छत्री धरली. डोंगराच्या पलीकडे, ओढ्यांच्या काठांनी, देवळांमागच्या राईंत. कोळी पडले, भुंगेरे पडले. बाईंचे दणके हळूहळू कमी होत गेले. एका ठिकाणी त्या झुडपाखाली छत्री धरून नुसत्या उभ्या राहिल्या, काठी उचललीच नाही. मी वाट पाहिली. मग त्या म्हणाल्या, "चल. बस जाईल."

त्यानंतर त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात प्राचार्यांनी पंख्याचा किस्सा सांगितला, सगळे हसले, बाईही हसल्या. त्यांच्या खोलीत आता कॉम्प्युटर आहेत. कपाट व्हरांड्यात आहे. वरच्या खणातल्या माद्यांसाठी मी डांबरगोळ्या आणते, पण व्हरांड्यात ओल येते, आणि आता त्यांचेही पाय गळू लागले आहेत. दक्षिणेतल्या त्या गृहस्थांना मी कळवलं. ते सभ्यपणे म्हणाले, नराशिवाय काही करता येणार नाही. मला माहीत होतं.

बाईंना मी त्यानंतर एकदाच पाहिलं. मागच्या उन्हाळ्यात, बीडच्या बसस्थानकाबाहेर. एका कडुलिंबाच्या झाडाखाली त्या उभ्या होत्या. हातात तीच छत्री. मी रस्त्याच्या या बाजूला होते आणि मला क्षणभर काय वेगळं आहे तेच कळेना. मग लक्षात आलं.

छत्री सरळ होती.

चारचौघांसारखी, डोक्यावर. आतलं पांढरं कापड तसंच शिवलेलं होतं. त्याचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला होता. हाक मारावी असं वाटलं. पण हाक मारणं मला कधी जमलेलं नाही, आणि बाईंना सांगावं असं माझ्याकडे काही नव्हतं. वारा आला. लिंबातून फुलांचा बारीक सडा छत्रीवर पडला, वरच्या काळ्या बाजूवर. त्या फुलांसोबत आणखीही काही पडलं असेल. एवढ्या लांबून मला दिसलं नाही, आणि काळ्यावर तर ते दिसलंही नसतं.

बाईंनी मान वर केली नाही. बस आली तेव्हा त्यांनी छत्री मिटली, दोनदा झटकली, आणि त्या आत चढल्या.